सिग्नलवरचा मामा

पहिल्याच वळणावर सायकल सरळ गेली. वाट डावीकडे वळली, तिच्याबरोबर कुंडलिका नदी वळली, काठावरची करंजाची झाडंसुद्धा रांगेने वळली. पुंडलिक तेवढा वळला नाही. ताठ बसून, नजर समोर लावून, दोन्ही मुठींत हँडल आवळून तो वाट सोडून खाली गेला, झुडपं पार केली आणि नदीच्या चिखलात पुढचं चाक रुतवून थांबला. डोक्यावरची टोपी जागची हलली नव्हती.

सायकली भाड्याने देणारा रघू धापा टाकत काठावर आला.

"काका, हँडल! हँडल!"

"धरलंय की."

"धरायचं नाय, वळवायचं!"

पुंडलिकाने चिखलातून एक पाय उपसला, मग दुसरा. नंतर त्याने वर वाटेकडे आणि खाली सायकलीकडे असं एकदा नीट पाहून घेतलं.

"वाट वळली की गाडी वळते," तो म्हणाला. "मी मधे कशाला पडू?"

यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. उमेदीची सगळी वर्षं त्याने याच वाटेवर इंजिन चालवलं होतं. इंजिनात वाफ सोडायचा दांडा असतो, ब्रेक असतो, शिट्टी असते. वळवायचं काही नसतं. कुठे वळायचं ते रूळ बघतात. माणसाने फक्त जायचं की थांबायचं एवढं ठरवायचं, आणि तेही सिग्नल सांगेल तसं.

वर रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांपासून केलेल्या बाकावर त्याची बायको बायजा बसली होती. ती रोज दुपारची कामं आटोपून, पाण्याची बाटली घेऊन हा खेळ बघायला यायची.

"आज झाडाला नाय धडकलात," ती म्हणाली. "सुधारणा हाय."

रोह्यापासून खाली खाडीवरच्या खारवाडी बंदरापर्यंत ही लाइन जायची. जाताना तांदूळ, येताना मीठ, आणि उरलेल्या जागेत माणसं. गाडीचा वेग असा की एका पावसाळ्यात शेवटच्या डब्याला घोसाळ्याचा वेल लागला, बंदरापर्यंत त्याला फूल धरलं आणि परतीच्या फेरीत गार्डाने भाजी केली. एकदा म्हणे एका म्हशीने गाडीला मागून येऊन ढुशी दिली. पुंडलिक या गोष्टी ऐकून घ्यायचा, नाकारायचा नाही. म्हशीच्या बाबतीत तो एवढंच म्हणायचा, की ढुशी बाजूने दिली होती.

लाइन बंद झाली, रूळ उचलून नेले, मधल्या काळात तिथे रान माजलं. आणि आता सरकारने रान तोडून, खडी दाबून, वर गुळगुळीत लाल थर देऊन सायकलवाट केली. फीत कापायला आलेले साहेब पहिल्या वळणापर्यंत सायकलीवर गेले आणि तिथून मोटारीत बसले. टाळ्या मात्र पूर्ण वाटेच्या वाजल्या.

त्या दिवशी संध्याकाळी बायजाने जेवण वाढता वाढता म्हटलं, "झाली हो तुमची लाइन चालू."

पुंडलिक म्हणाला, "ही लाइन नाय. ही वाट."

"रूळ काढले म्हणून बहीण पण काढली?"

पुंडलिकाने पुढचा घास उचलला. तीन तपं तो एकच वाक्य सांगत आला होता. खारवाडीला पुतळाआक्काकडे का जात नाही, असं कुणी विचारलं की, "लाइन चालू झाली की जाईन." खारवाडीला एस.टी. जाते, रिक्षा जाते, डोंगराकडून वळसा घालून डांबरी रस्ता जातो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण इंजिनवाला माणूस बहिणीकडे गेला तर लाइनीनेच जाईल, यात लोकांनाही एक तऱ्हेचा रुबाब वाटायचा. उचललेले रूळ काही परत येत नाहीत, तेव्हा हे वाक्य जन्मभर पुरेल अशी त्याची खात्री होती. सरकार असं मधेच काही करील हे कुणाच्या ध्यानीमनी?

झालं होतं ते असं. पुतळाआक्काच्या सरूचं लग्न होतं, गोरज मुहूर्तावर. पोरगी पेणला द्यायची होती, वऱ्हाड पेणहून येऊन सकाळीच उतरलं होतं. नवरीच्या पाठीशी उभा राहायचा मान मामाचा, आणि मामा एकच. पुंडलिकाला रजा मिळाली नाही. पण दुपारची गाडी मुहूर्ताच्या कितीतरी आधी खारवाडीला पोचायची, तेव्हा अडचण कसली? त्याने नवा फेटा कागदात गुंडाळून बरोबर घेतला. खारवाडी दिसू लागल्यावर चालत्या इंजिनातच तो बांधला.

आणि बंदराबाहेरचा सिग्नल पडलेला नव्हता.

सिग्नल पाडायचा म्हणजे बंदराच्या कारकुनाने ठेसनातला दांडा ओढायचा, की खांबावरचा हात खाली येतो आणि गाडीला वाट मिळते. पुंडलिकाने शिट्टी दिली. पुन्हा दिली. सिग्नलपासून आक्काचं अंगण दिसायचं; मांडव, तोरण, माणसांची ये-जा, सगळं. त्याने आपल्या कोळसेवाल्याला, गोविंदाला, ठेसनात पाठवलं. गोविंदा गेला तो गेलाच. ऊन उतरलं. गुरं घरी परतू लागली. मांडवात मंगलाष्टकं सुरू झाली आणि खारा वारा तिकडूनच येत असल्याने शब्द न् शब्द इंजिनापर्यंत आला. मामा फेटा बांधून इंजिनात बसलेला. वाफेवरचं इंजिन एकटं सोडून खाली उतरता येत नाही आणि सिग्नल मोडून पुढे जाता येत नाही. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि त्यानंतर कितीतरी वेळाने सिग्नल पडला.

गोविंदा धावत आला. काही सांगायला त्याने तोंड उघडलं.

"कोळसा टाक," पुंडलिक म्हणाला.

पुढे कित्येक महिने गोविंदाने तो विषय काढला की पुंडलिकाचं उत्तर तेच. अखेर गोविंदाने नाद सोडला. कारकुनाची बदली झाली. नवरीच्या मागे उभं राहायला कुठलासा चुलतचुलत मामा शोधून आणावा लागला होता, आणि पेणच्या मंडळींनी मांडवातच नाव ठेवलं, 'सिग्नलवरचा मामा'. त्याच रात्री आक्काचा निरोप आला, बोलावल्याबिगर माझ्या दारात येऊ नको म्हणावं. पुंडलिकाला हा निरोप समजायला मुळीच जड गेला नाही. पुढून इशारा आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हेच तो जन्मभर करत आला होता. तो इशाऱ्याची वाट बघत राहिला. इशारा आला नाही. मधल्या काळात लाइनही बंद झाली, आणि मग त्याला ते वाक्य सुचलं.

हे असंच चाललं असतं. पण गणपती झाले आणि बायजा बाजारातून बातमी घेऊन आली.

"वन्सं चालल्या पेणला. सरूकडं. कायमच्या. घराला कुलूप लागणार."

"कधी?"

"टेम्पो ठरलाय. या आठवड्यातच."

पुंडलिक अंगणात गेला, परत आत आला, पुन्हा अंगणात गेला. खारवाडीला एक वेळ जाता आलं असतं. पेणला सरूच्या सासरच्या दारात त्याला कोणत्या तोंडाने उभं राहता येणार होतं? तिथे तर लहान पोरंही त्याला त्याच नावाने ओळखत असतील. आक्का एकदा पेणला गेली की गेली.

दुसऱ्या दिवशी तो रघूच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "एक गाडी काढ. साधी. घंटी चांगली वाजणारी."

तर असा तो सायकलीवर बसला. सरळ वाटेवर त्याला काही शिकवावं लागलं नाही. तोल असा, की मागून बघणाऱ्याला वाटावं माणूस रुळावरच आहे. फक्त वळणाचं जमेना. दोनदा चिखल, एकदा करंज, एकदा पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाची शिदोरी, एवढ्या ठिकाणी जाऊन आल्यावर त्याने स्वतःच तोड काढली. वळण आलं की उतरायचं. सायकल हाताने वळवायची. तिचं नाक पुढच्या सरळ वाटेकडे झालं की पुन्हा बसायचं.

"काका, असं तर चालत लवकर पोचाल," रघू म्हणाला.

"चालायला गुडघे लागतात."

"मग रिक्षा करा ना!"

पुंडलिकाने त्याच्याकडे असं बघितलं, की रघूने चाकात हवा भरायला घेतली. हवा पुरेशी होती.

टेम्पो यायच्या दिवशी सकाळी तो निघाला. आदल्या दिवशीच निघणार होता, पण आदल्या दिवशी त्याला सायकलीची साखळी सैल वाटली, मग आभाळ भरल्यासारखं वाटलं, मग वार बरोबर वाटेना. बायजाने त्याच्या पिशवीत कोरडं धोतर घातलं.

"हे कशाला?"

"नदी बाजूलाच हाय ना," बायजा म्हणाली.

भाताला लोंब्या धरल्या होत्या. वाटेवर सायकलवाले बरेच होते. मुंबईकडचे, अंगाला चिकटलेल्या रंगीबेरंगी कपड्यांतले. पुंडलिक वळणावर उतरे, सायकल वळवी, चढे. पुढच्या वळणावर उतरे, वळवी, चढे. असं चालू असता मागून येणारा एक चमकदार टोपीवाला थोडा वेळ त्याचं निरीक्षण करत राहिला आणि मग तोही वळणावर उतरू-चढू लागला. त्याला वाटलं, हा इकडचा व्यायाम असणार. खारवाडीच्या अलीकडे आणखी दोघं त्यात सामील झाले होते आणि एक जण गुडघ्यांत फरक पडल्याचं सांगत होता.

सिग्नलचा खांब होता तिथेच होता. त्याला लालपांढरा रंग दिला होता आणि शेजारी फोटोसाठी चौथरा बांधला होता. वरचा हात कधीच गळून गेला होता. पुंडलिक खांबापाशी आला, ब्रेक दाबला आणि एक पाय टेकून उभा राहिला. तिथून आक्काचं अंगण अजून दिसत होतं. अंगणात पिवळा टेम्पो.

"आजोबा, एक फोटो काढता का आमचा?" चमकदार टोपीवाल्याने विचारलं.

पुंडलिकाने फोटो काढला. फोटोत खांब आला, माणसांची पोटं आली, डोकी आली नाहीत. मग त्याने वर बघितलं, हात नसलेल्या खांबाच्या टोकाकडे, आणि पुढे निघाला. ते वळण नव्हतं, तरी शेवटचा टप्पा तो सायकल हातात धरून गेला.

अंगणात टेम्पोवाला दिनानाथ कपाळाला हात लावून बसला होता. पेणहून महिनाभर गणपती पोचवून तो नुकता मोकळा झाला होता; हौद्यात अजून पेंढा पडलेला, आणि त्या पेंढ्यात आक्काची ट्रंक, गादी, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं पोतं, देवांची पेटी, सगळं गणपतीसारखं जपून बसवलेलं. शेजारची मालू दारात उभी होती.

"तुम्ही घरचेच ना?" दिनानाथ उठून म्हणाला. "जरा सांगा ना आजीला. सकाळपास्नं गाडी उभी हाय माझी. सामान भरून झालं, आता ही बाई जात्याचा खुंटा शोधतेय."

"जातं कुठाय?"

"तेच तर! जातं दिलं या मावशीला. म्हटलं आजी, जातं नाय तर खुंटा कशाला? तर म्हणते, तू गप बस."

आतून भांडं सरकवल्याचा आवाज आला आणि पुतळाआक्का ओटीवर आली. वाकली होती. तिने डोळ्यांवर हात धरून पुंडलिकाकडे पाहिलं, मग सायकलीकडे.

"कुणाची?"

"भाड्याची."

"घंटी वाजते?"

त्याने वाजवून दाखवली.

"बरी हाय," आक्का म्हणाली. "पाय धू. मालू गो, परसातली पानं कापून आण. भांडी सगळी बांधलीत." आणि दिनानाथाकडे वळून म्हणाली, "तू पण बस रे बाबा. उपाशी पोटी गाडी हाकू नको."

"आजी, मला पुढं धरमतरला भाडं हाय."

"भात झालेला हाय. किती वेळ लागतोय?"

खुंट्याचं नाव तिने काढलं नाही, आणि दिनानाथानेही शहाणपणाने काढलं नाही.

ओटीवर तीन केळीची पानं मांडली गेली. मधे आक्का बसली, एका बाजूला पुंडलिक, दुसरीकडे दिनानाथ. मालूने भात वाढला, वालाचं बिरडं वाढलं, लोणच्याची फोड आणि पोह्याचा पापड. पुंडलिक जेवायला बसला की बायजा पाणी आणून ठेवीपर्यंत त्याचं ताट अर्धं व्हायचं; इंजिनात बसून जेवलेल्या माणसाला दुसरं येत नाही. इथेही त्याने खाली मान घालून भराभर घास उचलले. काय बोलावं हा प्रश्न त्यामुळे आपोआप मिटला होता. पानावर फार थोडं उरलं तेव्हा आक्का भात कालवता कालवता, त्याच्याकडे न बघता बोलली.

"तो कारकून इथंच होता. याच ओटीवर."

पुंडलिकाचा हात थांबला.

"कोण कारकून?"

"बंदराचा. सिग्नलवाला. लग्नाला बोलावला होता मीच. पेणच्या मंडळींच्या पंगतीत बसला. आणि शेजारी बसले सरूचे आजेसासरे. म्हातारे. तोंडात दात नाय, आणि पानात बुंदीचे लाडू. एकेक कळी चघळून खायचे. बाकी सगळे कधीच उठून मांडवात गेले, अक्षतासुद्धा पडल्या, हे आपले पानावरच."

"मग उठायचं ना त्याने!"

"उठतोय कसा? मुलाकडच्यांची पंगत. म्हातारा जेवतोय आणि मधनंच माणूस उठला तर लग्न मोडतं की." आक्काने लोणच्याची फोड बोटाने बाजूला केली. "तुझी शिट्टी ऐकू येत होती. तो बिचारा माझ्याकडं बघायचा. मी म्हाताऱ्यांकडं बघायची. म्हातारे विचारायचे, ही कसली शिट्टी? मी म्हटलं, कारखान्याची असंल."

"आणि गोविंदा?"

"तो आला धावत. म्हाताऱ्यांनीच बसवला. उन्हातनं आलाय, उपाशी असंल, वाढा त्याला. वाढला. म्हाताऱ्यांचं संपत आलं होतं, पण हा नवा जेवायला बसला म्हटल्यावर सोबत म्हणून त्यांनी आणखी एक लाडू घेतला."

मालू तोंडाला पदर लावून आत गेली. दिनानाथाला यातलं काही उमगलं नव्हतं. त्याचं पान चाटूनपुसून साफ झालं होतं आणि तो अंगणातल्या टेम्पोकडे बघत होता.

पुंडलिकाने पानावरचा घास उचलला, तोंडाशी नेला, आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"सांगायचं होतंस."

"कसं सांगू? पेणकरांपुढं दोष तुझ्यावर ढकलून निरोप धाडला तो मीच," आक्का म्हणाली. "सांगायचं म्हणजे बोलवावं लागलं असतं. बोलावलं असतं तर सांगावं लागलं असतं."

बाहेर वाटेवरून सायकली जात होत्या. कुणीतरी उगाचच घंटी वाजवत गेलं. पुंडलिकाने तो घास तोंडात घातला आणि चावू लागला. चावता चावता त्याने मांडी बदलली, पाठ भिंतीला टेकवली. घास संपला. त्याने पापड घेतला आणि त्याचा एक कोपरा मोडला, नखाएवढा.

दिनानाथाने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठायला घेतलं.

"बस," आक्का म्हणाली. "अजून जेवतोय तो. पंगतीतनं उठतात व्हय?"

दिनानाथ अर्धवट उठलेला तसाच राहिला. तो पेणचा, घरंदाज आईच्या हाताखाली वाढलेला, खाली बसला. त्याच्या बोटांवरचं बिरडं वाळू लागलं होतं. त्याने पुंडलिकाच्या पानाकडे पाहिलं. तिथे मूठभर भात आणि जवळजवळ आख्खा पापड होता. त्याला जरा धीर आला.

"आजोबा, होतंच आलं ना तुमचं?"

पुंडलिकाने चावणं पूर्ण केलं. पाण्याचा घोट घेतला. भांडं खाली ठेवलं, ते थोडं तिरकं वाटलं म्हणून सरळ केलं.

"आक्का," तो म्हणाला, "भात हाय का गो अजून?"

आक्काने मान वळवली नाही. स्वतःच्या पानावरचा भात ती एकेका शितावर आणत होती.

"मालू," तिने आत हाक दिली, "पातेलंच घेऊन ये गो. लहानपणापास्नं सावकाश जेवतोय हा."